मुलांच्या पाठीवर किती किलो?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका ताईंनी हे पत्र पाठवलं आहे. त्यांच्या गावचं मंडळ दर डिसेंबरात 13 ते 17 वर्षांच्या मुलामुलींना दोन रात्रींच्या शिबिराला सत्तरी तालुक्याच्या बाजूला नेतं. यंदा 9 मुली, 9 मुलगे आणि तीन मोठी माणसं जाणार आहेत. गेल्या वर्षी तंबू आणि भांडी टेम्पोने पुढे गेली होती, तरी मुलांच्या बॅगा 12-13 किलोच्या भरल्या. चार तासांच्या चालीत दोन मुली निम्म्यातच थकल्या आणि एकीच्या खांद्यावर चार दिवस वळ राहिले. यंदा टेम्पो नाही, सगळं पाठीवरूनच न्यायचं आहे. देणगीचे 60 हजार रुपये हाताशी आहेत. मंडळातली तरुण मुलं म्हणतात, दोन माणसांचे अतिहलके तंबू ऑनलाइन मागवू. पालक म्हणतात, थंडी आहे, आधी प्रत्येकाला स्लीपिंग बॅग घ्या. ताई विचारतात, "हलकं सामान म्हणजे महागच का? पैसे तंबूवर घालू की स्लीपिंग बॅगवर?"

---

ताई,

तुमच्याच पत्रातली एक ओळ पुन्हा वाचा. तंबू टेम्पोत होते, भांडी टेम्पोत होती, तरीही बॅग 12 किलोची. म्हणजे ते 12 किलो तंबूचे नव्हते. जगातला सगळ्यात हलका तंबू घेतला तरी त्या बॅगेतून एक ग्रॅमही कमी झाला नसता, उलट यंदा तंबूचं वजन वर चढणार आहे. म्हणून "तंबू की स्लीपिंग बॅग" हा प्रश्न जरा बाजूला ठेवू या. बॅगेत होतं काय, ते आधी पाहू.

मुलाने किती उचलावं याचा साधा अंदाज असा. स्वतःच्या वजनाच्या 15 टक्क्यांपर्यंतचं ओझं बहुतेक मुलं मजेत नेतात. 20 टक्के ही कमाल मर्यादा समजा, आणि तीही कमरपट्ट्याची सॅक असेल तरच. (रोजच्या शाळेच्या दप्तरासाठी केंद्राच्या 2020 च्या धोरणाने 10 टक्क्यांची मर्यादा घातली आहे.) 45 किलोच्या मुलीला 15 टक्के म्हणजे पावणेसात किलो आणि 20 टक्के म्हणजे 9 किलो. तिच्या पाठीवर तुम्ही 12 दिले होते. ती थकली यात तिच्या दमाचा काही दोष नाही, हे तिला आवर्जून सांगा. अशा एका चालीनंतर डोंगराकडे कायमची पाठ फिरवणारी मुलं असतात.

आता पहिली खरेदी. सामान अडकवून तोलायचा हुकाचा काटा, काही शेकड्यांत मिळतो. निघण्याच्या दोन आठवडे आधी एका रविवारी मुलांना भरलेल्या बॅगांसकट बोलवा, बॅगा जमिनीवर रिकाम्या करा आणि एकेक वस्तू तोला. बारीक वस्तूंसाठी स्वयंपाकघरातला काटा चालेल. वजन मुलांनाच वहीत लिहू द्या. पालकांना शंभरदा सांगून जे जमत नाही ते या वहीने जमतं. कारण 700 ग्रॅमची जीन्स आणि 250 ग्रॅमची ट्रॅकपँट शेजारी शेजारी लिहिली की मुलं आपणहून जीन्स बाजूला काढतात.

काय सापडेल ते आजच सांगता येतं. दोन जीन्स. जाड टर्किश टॉवेल, जवळजवळ अर्ध्या किलोचा, त्याऐवजी सव्वाशे ग्रॅमचा पंचा पुरतो आणि तो तासाभरात वाळतोही. लिटरभराची स्टीलची बाटली, रिकामीच तीन-साडेतीनशे ग्रॅमची. पाण्याची साधी प्लास्टिकची बाटली तीसेक ग्रॅमची असते आणि दोन दिवस सहज टिकते. आजीने दिलेली सुती गोधडी, दीड-दोन किलो, दव पडलं की आणखी जड. अठरा जणांच्या अठरा टूथपेस्ट, अठरा साबण, आठ-दहा पॉवर बँका. बिस्किटं, चकल्या, लाडू, तेही प्रत्येक घरातून गटाला पुरेल इतके. गटात एकदाच लागणारी वस्तू अठरा वेळा येते आणि आपण तंबूचे ग्रॅम मोजत बसतो.

45 किलोच्या मुलीची बॅग पुन्हा भरू या. कमरपट्ट्याची 45 लिटरची सॅक 1.2 किलो. पातळ फ्लीसचं पांघरूण 700 ग्रॅम, कॅरीमॅट (फोमची गुंडाळायची चटई) 300. कपडे 900, म्हणजे अंगावरचे सोडून एक पूर्ण जोड, रात्रीचा लांब बाह्यांचा शर्ट आणि दोन जोड मोजे. पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) 250. खोलगट वाडगा आणि चमचा 150 (तोच वाडगा ताट, तोच कप). टॉर्च, शिटी, ब्रश, स्वतःची औषधं मिळून 300. झाले 3.8 किलो. तीन जणींच्या तंबूतला तिचा वाटा 1.1, शिधा आणि पातेल्याचा वाटा 1.2, दीड लिटर पाणी. एकूण 7.6 किलो, म्हणजे तिच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा. यात महाग वस्तू एकही नाही.

पण हेच 7.6 किलो 35 किलोच्या तेरा वर्षांच्या मुलाला 20 टक्क्यांच्या वर जातात. त्याला तंबूचा वाटा देऊ नका, साडेसहावर येईल. तो वाटा 55-60 किलोच्या थोरल्या मुलांकडे किंवा तुमच्याकडे जाऊ द्या. सगळ्यांना सारखं ओझं हा न्याय वाटतो खरा, पण लहानग्यावर तो अन्याय आहे. वाटप वजनकाट्यावर ठरवा आणि सगळ्यांसमोर ठरवा, म्हणजे कुणी लहानग्याला चिडवणार नाही.

आता तंबू. तरुण मंडळींचा उत्साह समजतो, पण एक किलोच्या आसपासचे ते तंबू आपल्या भागाला आणि आपल्या वयोगटाला जमणारे नाहीत. बरेचसे असे तंबू चालण्याच्या काठ्यांवर उभे राहतात आणि खुंट्यांच्या ताणावर टिकतात. मुलांकडे काठ्या नसतात, आणि आपल्याकडे जमीन कुठली? जांभा. सड्यावर दोन इंच माती, खाली दगड. बारीक ॲल्युमिनियमची खुंटी तिसऱ्या ठोक्याला वाकते. खुंटी आत गेली नाही की तो तंबू उभाच राहत नाही. दोन पोल एकमेकांना छेदणारा साधा घुमटाकार तंबू खुंटीशिवायही उभा राहतो. कोपऱ्यांना दोरी बांधायची आणि दोरीवर डोक्याएवढा धोंडा ठेवायचा. दुसरी अडचण कापडाची. ते वजन येतं पातळ कापडातून, आणि ते मोठ्यांनी जपून वापरायचं कापड आहे. चौदा वर्षांचा मुलगा चेन ओढताना कापड अडकलं आहे का ते पाहत नाही, आणि पाहावं अशी अपेक्षाही ठेवू नये. गटाचा तंबू पाच-सहा वर्षं वीस हातांतून जाणार, म्हणून तिथे थोडं वजन जास्त गेलं तरी चालेल.

तिसरी अडचण दमट हवेची. एकपदरी तंबूत रात्रभराचा श्वास आणि बाहेरचं दव मिळून आतल्या बाजूने पाणी सुटतं आणि पहाटे पांघरुणावर ठिबकतं. मुलं सांगतात, तंबू गळतो. तो गळत नसतो. म्हणून आत जाळीचा तंबू आणि वर वेगळं आच्छादन असा दुपदरीच घ्या, आणि आच्छादन खालून चार बोटं मोकळं राहील असं ताणा. पाणी अडवण्याचा आकडा लेबलवर मिलिमीटरमध्ये असतो. आच्छादनाला 1500 ते 2000 आणि तळाला 3000 असले की डिसेंबरच्या दवाला आणि अवकाळी सरीला पुष्कळ झाले.

दोनऐवजी तीन माणसांचे घ्या. दोन माणसांचा साधा तंबू 2.6 किलोच्या आसपास, म्हणजे माणशी 1.3. तीन माणसांचा 3.3 धरला तर माणशी 1.1. तुमच्या 9 मुली आणि 9 मुलग्यांचे बरोब्बर सहा तंबू होतात, कुणी एकटं पडत नाही. तंबू अख्खा एकाच्या सॅकमध्ये कोंबू नका: आतला भाग एकीकडे, आच्छादन दुसरीकडे, पोल आणि खुंट्या तिसरीकडे. पोल शक्यतो ॲल्युमिनियमचे पाहा. फायबरचे स्वस्त असतात, पण सांध्याजवळ उभे चिरतात आणि त्यांचे तंतू बोटात शिरतात. फायबरचेच घ्यावे लागले तर बरोबर वीतभर लांबीची, पोल आत जाईल एवढी ॲल्युमिनियमची नळी ठेवा. चिरलेल्या जागेवर ती सरकवायची आणि दोन्ही टोकांना डक्ट टेप गुंडाळायची. ते टेप अख्खं रीळ न नेता टॉर्चभोवती दोन मीटर गुंडाळून न्या.

स्वयंपाकावर सावलीसाठी ताडपत्री लागेल, तिथे मात्र वजन दुकानातच ठरतं. ताडपत्री जीएसएमवर विकतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. 12 बाय 15 फुटी ताडपत्री 90 जीएसएमची घेतली तर दीड किलो, 200 ची घेतली तर 3.3 किलो. दुकानदार मजबूत म्हणून दोनशेची पुढे करील. घराच्या पडवीला ती चांगली, दोन रात्रींना नव्वदची पुरे.

थंडीचं. पालकांची काळजी खरी आहे, पण ती हिमालयातल्या चित्रांवरून आलेली आहे. डिसेंबरात सत्तरीत पहाटे पारा साधारण 15 ते 18 अंशांपर्यंत उतरतो. शून्य अंशाची स्लीपिंग बॅग इथे आणली तर मूल मध्यरात्री घामाघूम होऊन उघड्यावर झोपेल आणि पहाटे काकडेल. आपल्याकडे थंडी वाजते ती मुख्यतः दोन कारणांनी: खालची जमीन अंगातली ऊब ओढून घेते आणि दिवसभराच्या घामाचे कपडे तसेच अंगावर राहतात. कॅरीमॅट, फ्लीसचं पांघरूण, कोरडे मोजे आणि झोपण्यासाठी वेगळा ठेवलेला शर्ट, एवढ्याने काम होतं. हा झोपायचा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवायचा आणि दिवसा काही झालं तरी काढायचा नाही. अठरा स्लीपिंग बॅगांचे पैसे वाचले.

ते वाचलेले पैसे सॅकवर घाला. माझ्या मते तुमच्या 60 हजारांतली सगळ्यात मोलाची खरेदी हीच. कमरपट्टा नसलेल्या कॉलेज बॅगेत पाच किलोपर्यंत ठीक, त्यापुढे सगळा भार खांद्यांच्या दोन पट्ट्यांवर येतो. त्या मुलीच्या खांद्यावरचे वळ तिथलेच असणार. पाठीची लांबी कमीजास्त करता येणाऱ्या 40-45 लिटरच्या दहा-बारा सॅक मंडळाच्या मालकीच्या करा. मोठ्या घेऊ नका. 70 लिटरची सॅक दिली की मुलं 70 लिटर भरतात. माप घेताना मान खाली घालायला सांगा, मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडांच्या माथ्याच्या रेषेपर्यंत टेप लावा आणि सॅकची पाठ तेवढी ठेवा. पट्टा पोटावर बांधतात तो चूक. कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, आधी तो आवळायचा आणि मग खांद्याचे पट्टे. जड वस्तू, म्हणजे पाणी आणि शिधा, पाठीला चिकटून मध्यावर. तळाशी भरल्या की सॅक मागे ओढते आणि मूल पुढे वाकून चालतं.

शिधा आणि चूल. उकड्या तांदळाच्या पेजेशिवाय सकाळ होत नाही हे मान्य, पण त्या तांदळाला शिजायला वेळ फार लागतो आणि सगळा गॅस तोच खातो. तो घरी ठेवा. सुरय (न उकडलेले) तांदूळ आणि मुगाची डाळ यांची खिचडी करा: सात जणांना 600 ग्रॅम तांदूळ, 300 ग्रॅम डाळ, सहा लिटरचं ॲल्युमिनियमचं पातेलं. अर्धा तास भिजवा, उकळी आली की दहा मिनिटं मंद शिजवा आणि झाकून पांघरुणात गुंडाळून ठेवा, पंचवीस मिनिटांत आपोआप होते. सकाळी पातळ पोह्यांना गूळ आणि सुकं खोबरं लावा, दिवाळीतल्या फोवांसारखे, चूलही नको. ओला नारळ एकेक अर्धा किलोचा, तो नेऊ नका. बटाटे आणि कांदे म्हणजे बहुतेक पाणीच पाठीवर. पहिल्या रात्रीपुरते पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) उंडे पाव घ्या, जागा खातात पण वजन करत नाहीत. आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) छोटी बाटली मात्र अवश्य. एकूण कोरडा शिधा माणशी दिवसाला अर्धा किलो धरा.

सिलिंडर नेण्याचा विचार असेल तर सोडा, 5 किलोचं भरलेलं सिलिंडर धातूसकट दहा किलोच्या पुढे जातं. सात-सात जणांचे तीन गट करा, प्रत्येकात एक मोठं माणूस. गटामागे एक छोटा गॅस स्टोव्ह आणि 230 ग्रॅम गॅसचे दोन कॅनिस्टर (छोटे डबे). एका कॅनिस्टरवर दहा-बारा लिटर पाणी उकळतं, म्हणजे दोन रात्री आणि दोन सकाळींना एक कमी पडेल. स्टोव्ह नळीचा आणि बुटक्या पायांचा घ्या. कॅनिस्टरच्या डोक्यावर बसणाऱ्या स्टोव्हवर सहा लिटरचं पातेलं कलंडतं, आणि उकळती खिचडी मुलांच्या मांडीवर जाते. लाकडाची शेकोटी टाळाच. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी सत्तरीतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत.

पाणी कमी करून वजन कमी करू नका. दीड लिटर घेऊन निघा, वाटेत व्हाळाशी (ओढ्याशी) भरा. एक मिनिट खळखळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. हा अर्धा तास मुलं पाळत नाहीत, म्हणून गटात एकाला वेळ लावायला सांगा. प्रथमोपचार, प्रत्येकाकडे टॉर्च आणि शिटी, दम्याच्या मुलाचा इन्हेलर (दुसरा तुमच्याकडे), यांतही काटछाट नको. बुटांचं म्हणाल तर नवे जड बूट घेण्यापेक्षा तळव्याची नक्षी शाबूत असलेले वापरातले स्पोर्ट्स शूज बरे.

सत्तरीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 2015 पासून तिथे माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत, तो गोचिडांमधून पसरतो आणि साधारण डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. म्हणून तळ शिवलेला, जाळीची चेन पूर्ण बंद होणारा तंबूच हवा; नुसत्या ताडपत्रीखाली मुलांना झोपवून वजन वाचवू नका. लांब पँट मोज्यात खोचलेली, घोट्यांना गोचीड पळवणारं मलम, पालापाचोळ्यावर बसणं नाही. संध्याकाळी काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांच्या कडेला तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढा. रॉकेल किंवा पेटती काडी लावू नका. जाण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, आणि माकडं मेल्याची बातमी असेल त्या भागात जाऊच नका. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना शिबिराचं ठिकाण सांगावं, असं पालकांना लिहून द्या.

आणखी एक गृहीत धरलेली गोष्ट: दोन्ही रात्री रानातच काढायच्या का? म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव, आपल्या पूर्वेकडच्या डोंगराचा मोठा पट्टा अभयारण्यात येतो, तिथे रात्री राहायचं तर वनखात्याची परवानगी आधी हातात हवी. यंदा एक रात्र देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) किंवा गावच्या शाळेत काढा आणि दुसरी कुणाच्या तरी कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत), मालकाला विचारून. मधल्या दिवशी मोठं सामान तिथेच ठेवून तीन-चार किलोची बॅग घेऊन मुलं चालतील. पुढच्या वर्षी पूर्ण ओझ्यासकट जा.

म्हणजे पैशांचा क्रम असा लागतो: काटा, सॅक, अठरा कॅरीमॅट, तीन स्टोव्ह आणि पातेली, मग तंबू. सहाच्या सहा तंबू यंदा विकत घेऊ नका. दोन-तीन घ्या, उरलेले आणि तुम्हा मोठ्यांचे भाड्याने आणा. कुठला पोल मोडतो, कुठली चेन अडते ते एका शिबिरात कळतं, त्यानंतरची खरेदी शहाणी होते. निघण्याआधी शाळेच्या मैदानात मुलांकडून तंबू तीनदा उभारून घ्या, तिसऱ्यांदा काळोखात टॉर्चवर. भरलेली सॅक घेऊन तासभर चालवा. दुखेल ते गावातच दुखू दे.

आणि परत आल्यावर तंबू धुऊन सावलीत दोन दिवस वाळवा. आपल्या दमट हवेत सगळ्यात जास्त तंबू वापराने खराब होत नाहीत, पिशवीत खराब होतात: ओलसर राहिलं की आतला पाणी अडवणारा थर सुटतो, चिकट होतो, आंबूस वास येतो, आणि मग तो कशानेही दुरुस्त होत नाही. मूळच्या घट्ट पिशवीत न कोंबता जुन्या उशीच्या सुती अभ्र्यात सैल भरा, जमिनीपासून उंच ठेवा, आणि मेच्या अखेरीला, पाऊस लागायच्या आत, एकदा सगळे उघडून हवा द्या.